भुताच्या घराचे बाहेरचे दार

भुताच्या घरात जाऊन आलेल्या माणसाला लोक सहसा दोनच प्रश्न विचारतात. आत काय काय आहे, आणि भीती कितपत वाटते? बाहेर पडण्याचे दार कोठे आहे, हा तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. आमच्या मते तिकिटाचे पैसे खिडकीतून सरकविण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न तोच होय. तो का विचारावयाचा, हे समजण्यासाठी या धंद्याचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

प्रारंभीच एक खुलासा करतो. पिंपळावरच्या किंवा ओसाड विहिरीतल्या भुतांशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. ती आहेत की नाहीत हा वाद ज्यांना घालावयाचा आहे त्यांनी तो खुशाल घालावा. आम्हांस बोलावयाचे आहे ते ज्या भुतांना रोजंदारी मिळते त्यांच्याविषयी, आणि ती रोजंदारी ज्यांच्या तिकिटांतून निघते त्या माणसांविषयी. जत्रेतले भुताचे घर, मनोरंजन उद्यानातला शापित वाडा, अंधारातून धावणारी भुताची गाडी, हा सगळा एकाच कुळातला माल आहे. भीती तयार करून विकणारा हा एक कारखाना आहे, आणि कारखान्याला लागू असलेले प्रश्न त्यालाही लागू आहेत.

हा कारखाना प्रथम भरभराटीस आला तो पॅरिसमध्ये. फ्रेंच राज्यक्रांतीतील रक्तपात नुकताच ओसरला होता. शिरच्छेदाच्या यंत्राखाली कोणाचा ना कोणाचा आप्त गेला नाही असे घर सापडणे कठीण होते. अशा वेळी लिएज गावचा एटिएन-गास्पार रोबेर नावाचा एक गृहस्थ, जो स्वतःला रॉबर्टसन म्हणवीत असे, त्याने १७९८ साली मृतांच्या छाया दाखविण्याचा खेळ सुरू केला. हा खेळ सर्वस्वी त्याचा शोध नव्हता. त्याच्याआधी काही वर्षे फिलिडोर नावाच्या माणसाने पॅरिसमध्येच असला प्रयोग केला होता. परंतु रॉबर्टसनने जागा मोठी धोरणाने निवडली. १७९९ च्या आरंभी त्याने आपला खेळ कापुशिन साधूंच्या एका पडक्या मठात हलविला. प्रेक्षकांना काळोख्या बोळांतून चालवीत सभागृहात आणावयाचे, तेथला एकुलता दिवा मालवावयाचा, आणि काचेच्या वाद्याचे करुण सूर सुरू झाले की अंधारातून एक आकृती लहानाची मोठी होत अंगावर येऊ लागावयाची.

यातील युक्ती आज कोणीही समजू शकेल. काचेवर रंगविलेले चित्र आणि दिवा असलेला जादूचा कंदील पडद्याच्या पुढे न ठेवता मागे ठेवावयाचा. कंदिलाला चाके लावावयाची आणि तो मागे मागे नेत चित्र मोठे करावयाचे. मात्र ते करताना भिंग सरकवून चित्र रेखीव राखावयाचे. पडदा मेणाने अर्धपारदर्शक केलेला. प्रेक्षकाला पडदा दिसत नाही, कंदील दिसत नाही, दिसते ते फक्त येणारे भूत. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की हा मनुष्य भुताखेतांचा प्रचारक नव्हता. तो स्वतःस पदार्थविज्ञानाचा अभ्यासक म्हणवीत असे आणि विजेचे प्रयोगही लोकांना दाखवीत असे. जे दाखवितो ती विद्या आहे, करणी नाही, हे सांगून मग तो लोकांना घाबरवीत असे, आणि लोक हे ऐकूनही घाबरत असत. पुढे त्याच्या हाताखालच्या माणसांनी स्वतःचा खेळ काढला, तेव्हा त्याने त्यांच्यावर दावा लावला. त्या दाव्यातच त्याचे गुपित चव्हाट्यावर आले आणि युरोपभर असले खेळ उभे राहिले. चाकावरचा कंदील अंधारात बिनआवाज ढकलणाऱ्या त्या मदतनिसांना तो काय देत असे, हे इतिहासकार सांगत नाहीत. ते आम्हांस जाणून घेणे आवडले असते.

याच जादूच्या कंदिलाने पुढे आपल्याकडे वेगळे वळण घेतले. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचचित्रांचे खेळ सुरू केले. परंतु तेथे पडद्यावर रामकथा आणि पुराणातील प्रसंग येत असत. यंत्र तेच, पण त्याने भिवविण्याऐवजी भजनाला जमणाऱ्या माणसांनाच पडद्यासमोर बसविले. त्या घराण्याची हकीगत हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

लंडनमध्ये मादाम तुसाँ यांनी मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन मांडले. त्यातील खुनी आणि शिरच्छेद झालेल्या माणसांच्या दालनास भयाची खोली असे नाव पडले आणि तीच खोली सर्वांत गाजली. तेथे फार थांबण्याचे कारण नाही. पुतळा अंगावर येत नाही, आणि उजेडात त्याला चुकवून जाता येते. त्यापेक्षा विचार करावयास लावणारी गोष्ट १८६२ च्या नाताळची आहे. लंडनच्या रीजंट रस्त्यावर पॉलिटेक्निक नावाची एक संस्था होती. सामान्य लोकांना शास्त्र रंजक करून सांगणे हे तिचे काम. आमच्यासारख्या शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला अशा संस्थेविषयी सहजच आपुलकी वाटते. तेथे रसायनशास्त्रावर व्याख्याने देणारे जॉन हेन्री पेपर यांनी २४ डिसेंबर रोजी डिकन्सच्या एका भूतकथेच्या प्रयोगात रंगभूमीवर आरपार दिसणारे भूत उभे केले.

मूळ कल्पना लिव्हरपूलच्या हेन्री डर्क्स या अभियंत्याची. ती अशी की रंगभूमीच्या पुढच्या बाजूस एक प्रचंड स्वच्छ काच तिरकी उभी करावयाची. तिच्याखाली, प्रेक्षकांच्या नजरेआड असलेल्या खड्ड्यात, भुताचे सोंग घेतलेला नट उभा करून त्याच्यावर प्रखर प्रकाश टाकावयाचा. रात्री आगगाडीच्या डब्यात बसल्यावर खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा बाहेरच्या झाडांवर तरंगताना दिसतो, तसे त्या नटाचे प्रतिबिंब रंगभूमीवरच्या खऱ्या नटांमध्ये तरंगू लागते. खालचा दिवा मंद केला की भूत विरून जाते. डर्क्सच्या मूळ आराखड्याप्रमाणे नाट्यगृहेच नव्याने बांधावी लागली असती. पेपर यांनी ती योजना चालू नाट्यगृहात बसेल अशी केली आणि भुताला नाव लाभले ते पेपरचे. आर्थिक हक्क डर्क्सने आधीच सोडून दिले होते. कल्पना एकाची आणि पाटी दुसऱ्याची, हा प्रकार कामगार चळवळीत काम करणाऱ्यास नवा नाही.

परंतु आमचे लक्ष खड्ड्यातल्या नटाकडे जाते. प्रतिबिंब सरळ उभे दिसावे म्हणून त्याला मागे रेलून, तिरके राहून अभिनय करावा लागे. वर चुनखडीच्या ज्योतीचा झगझगीत आणि तापलेला दिवा. आणि वर रंगभूमीवर जो नट तलवार घेऊन भुतावर वार करीत असे, त्याला ते भूत दिसतच नसे. ते काचेपलीकडच्या प्रेक्षकांनाच दिसे. तेव्हा दोघांनी फळ्यांवरच्या खुणा आणि पावले पाठ करून एकमेकांशी झुंज द्यावयाची! एका भुताला निदान दोन माणसांचे घाम गाळणे लागते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. हीच काचेची युक्ती कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६९ साली उघडलेल्या भुतांच्या हवेलीत नाचणारी जोडपी दाखविण्यासाठी वापरली गेली.

इथपर्यंत प्रेक्षक खुर्चीवर बसलेला होता, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्या दाराने तो आत आला ते त्याच्या पाठीमागे होते, आणि घाबरला तरी तो त्या दाराकडे धावू शकत होता. विसाव्या शतकात धंदेवाल्यांनी त्याला खुर्चीवरून उठविले आणि घरातच शिरविले. १९१५ साली इंग्लंडातील ऑर्टन आणि स्पूनर या जत्रेचे खेळ बांधणाऱ्या कारखान्याने वाफेवर चालणारे भुताचे घर बांधले. त्यातील जमीन पायाखाली हलत असे. १९२८ च्या सुमारास न्यू जर्सीतील एका कारखानदाराने अंधाऱ्या खोलीत एकाच रुळावरून वेडीवाकडी वळणे घेत जाणारी छोटी गाडी काढली. १९३० साली ती कल्पना इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी आली, आणि तेथे तिला त्या वेळी गाजत असलेल्या एका नाटकावरून ‘घोस्ट ट्रेन’ हे नाव मिळाले. मंदीच्या त्या दशकात अमेरिकेतील पालकांनी मुलांचा हॅलोवीनच्या रात्रीचा दंगा आवरावा म्हणून घरांच्या तळघरांतून भीतीच्या वाटा मांडल्या. पुढे १९७० च्या दशकात तरुणांच्या सेवासंस्था वर्गणी जमविण्यासाठी जागोजाग भुतांची घरे उभारू लागल्या.

आता या घराची रचना पाहा. वाट मुद्दाम वाकडी, कारण सरळ वाटेत पुढचे दिसते. भिंती काळ्या, उजेड लुकलुकणारा. आवाज चहूकडून. पायाखालची जमीन हलती. दार असले तर ते पडद्याने झाकलेले, कारण दार दिसले की भीती ओसरते. थोडक्यात सांगावयाचे तर संकटात माणसाला वाचविणारी प्रत्येक खूण येथे पैसे खर्च करून पुसलेली असते. हे या धंद्याचे व्यंग नव्हे, तोच धंदा आहे. परंतु ज्याने आपली दिशा आपल्या संमतीने हिरावून घेतली, त्याच्याकडे ती परत देण्याची जबाबदारी येते. पाहुणा ज्या क्षणी पडद्याआड शिरला त्या क्षणी त्याच्या जिवाची किल्ली मालकाच्या खिशात गेली.

झाकलेल्या दाराचा धडा जगाला भुताच्या घरांच्या आधीच मिळालेला होता. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात आग लागली आणि सुमारे ६०० माणसे मेली. नाट्यगृह उघडून महिनाच झाला होता आणि ते अग्नीला दाद देणार नाही अशी जाहिरात होती. बाहेरची दारे शोभेसाठी पडद्यांनी झाकलेली, काही कुलूपबंद, काहींच्या कड्या अशा की त्या कशा उघडाव्या हे कोणास समजेना. त्यानंतरच अंगाने रेटताच उघडणारा आडवा दांडा दारांना बसविण्याची पद्धत रूढ झाली. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कपड्याच्या कारखान्यात १४६ कामगार, बहुतेक तरुण मुली, गेल्या. तेथे दार कुलूपबंद होते. चोरी होऊ नये म्हणून दार बंद ठेवणे ही मालकांची फार जुनी सवय. आम्ही संघटनेचे काम सुरू केले त्या काळात एका कारखान्यात रात्रपाळीला मागच्या दाराला कुलूप असे आणि किल्ली पहारेकऱ्याकडे; पहारेकरी चहाला गेला की किल्लीही चहाला जात असे. ते कुलूप निघण्यास अकरा महिने आणि दोन संप लागले.

असे असूनही भुताच्या घरांना हा धडा पुन्हा मृत्यूनेच शिकवावा लागला. ९ जून १९७९ च्या रात्री सिडनीच्या लूना पार्कमधील भुताच्या गाडीला आग लागली. सात जण मेले: एक बाप आणि त्याचे दोन मुलगे, आणि चार शाळकरी मित्र. आग विझविण्याची सोय तोकडी पडली. छतातून पाण्याचे फवारे सोडणारी यंत्रणा बसवावी असा सल्ला आधी मिळालेला होता आणि तो मानला गेला नव्हता, असे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने नमूद केले. तरी फौजदारी खटला करू नये असेही त्याने ठरविले. आगीचे कारण त्या चौकशीत निश्चित झाले नाही, आणि ती लावली गेली होती काय हा वाद २०२१ साली ऑस्ट्रेलियात पुन्हा पेटला.

दुसरी घटना ११ मे १९८४ ची, न्यू जर्सीतील एका मोठ्या मनोरंजन उद्यानातील भुतांच्या किल्ल्याची. या किल्ल्यात किशोरवयीन आठ मुले मेली. बाहेरून बुरूज आणि खंदक. आत पाहिले तर एकमेकांना जोडलेले मालट्रकचे १७ डबे, प्लायवूडच्या भिंती, फोमच्या गाद्या, डांबरी कागद आणि कापड. लुकलुकणारा एक दिवा बंद पडलेला होता. अंधारात वाट दिसावी म्हणून एका मुलाने लायटर पेटविला आणि भिंतीवरच्या फोमने पेट घेतला, अशी हकीगत पुढे आली. धूर दिसला तरी आत असलेल्याने तो खरा समजावा कसा? धूर तर तिकिटातच धरलेला असतो! किंकाळी ऐकू आली तरी तीच गोष्ट. भुताच्या घरातील माणूस मदतीसाठी ओरडू शकत नाही, कारण तेथे ओरडणे म्हणजे खेळ रंगल्याची खूण.

तेथे पाण्याचे फवारे नव्हते आणि धूर ओळखून घंटा वाजविणारे यंत्रही नव्हते. का नव्हते? तर डब्यांना मुळात चाके होती, म्हणून कागदोपत्री ती वास्तू तात्पुरती ठरत होती आणि पक्क्या इमारतीचे नियम तिला लागत नव्हते. ती उभी होती १९७९ पासून. पाच वर्षे! तात्पुरता हा शब्द आमच्या ओळखीचा आहे. वीस वर्षे एकाच यंत्रावर उभा राहिलेला कंत्राटी कामगारही कागदावर तात्पुरताच असतो. ज्या वस्तूवरचा खर्च टाळावयाचा तिला तात्पुरती म्हणावे, ही युक्ती पेपरच्या काचेइतकीच जुनी आणि तितकीच पारदर्शक आहे. कंपन्यांवर सदोष मनुष्यवधाचा खटला झाला. धोक्याच्या सूचना वारंवार मिळूनही त्यांनी दुर्लक्ष केले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. आग कोणी तरी लावली, असा बचाव झाला. १९८५ च्या जुलैत पंचांनी कंपन्यांना निर्दोष सोडले. ट्रायँगलचे मालकही असेच सुटले होते.

खटला हरला, पण नियम बदलले. आज अमेरिकेतील अग्निसुरक्षा संहितेत अशा घरांचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यांना पाण्याचे फवारे आणि धूर ओळखणारी यंत्रे लावावी लागतात; आणि आमच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाचे कलम असे की, यंत्राने धूर ओळखताच बाहेरच्या वाटेवरचे दिवे आपोआप लागले पाहिजेत आणि गोंधळात टाकणारे आवाज व देखावे त्याच क्षणी बंद पडले पाहिजेत. म्हणजे हिरावलेली दिशा पाहुण्याला ताबडतोब परत.

हे सर्व परदेशचे म्हणून सोडून देता येत नाही. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या एका खेळघरात, जे भुताचे नव्हते पण पत्र्याचे होते, २७ माणसे जळून गेली, त्यांत लहान मुले होती. अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला त्या जागेस नव्हता. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याअन्वये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावा लागतो. तो दाखला पाहावयास मागणे हा उद्धटपणा नव्हे. तिकीट विकणाऱ्या मुलाला मात्र त्यावरून रागावू नये. त्याला तो कोणी दाखविलेलाही नसतो.

कायद्याचा आधार किती धरावा, याविषयी आणखी एक निकाल सांगण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियात एका भुताच्या वाटेवर खेळ संपल्याचा आव आणणारे खोटे दार होते. पाहुणे सुटलो म्हणून हसत बाहेर येत, तोच यांत्रिक करवत घेतलेला नट त्यांच्या मागे लागे. एक गृहस्थ धावताना पडला आणि मनगट दुखावून घेतले. २०१५ साली अपील न्यायालयाने सांगितले की घाबरणे, पळणे आणि पळताना पडणे हा त्या खेळाचाच भाग आहे. त्याची भरपाई मिळणार नाही. निकालाचा तर्क आम्हांस समजतो. भिण्यासाठी आलेल्याने भिवविले म्हणून दावा करावा, हे विचित्रच. परंतु दाराची थट्टा करण्याची मुभा यातून मिळते हे आम्हांस रुचत नाही. बाकी सर्व खोटे असावे, दार तेवढे खरे असावे.

ज्यांना हृदयविकार आहे, लुकलुकत्या उजेडाने ज्यांना फेपरे येते, ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांनी पाटीवरची सूचना वाचून बाहेरच थांबावे. लहान मुलाला हात धरून ओढू नये. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका भुताच्या घरात ११० पाहुण्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. मौज सर्वांत अधिक वाटली ती मध्यम भीती वाटलेल्यांना. फार कमी किंवा फार अधिक भ्यालेल्यांचे पैसे वाया गेले.

आणि आतल्या भुतांशी नीट वागावे. हंगामापुरती ठेवलेली ही विशीतली मुले असतात. मुखवट्याच्या आत घाम, बनावट धुराने कोरडा पडलेला घसा, एकच किंकाळी रात्रीत शेकडो वेळा. घाबरलेला पाहुणा नकळत ठोसा मारतो आणि शूर पाहुणा मुद्दाम मारतो. मे २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधील पोशाखी पात्रे आणि मिरवणुकीतील कलाकार, सुमारे १७०० जण, यांनी बहुमताने नटांच्या संघटनेत जाण्याचे ठरविले, ही बातमी वाचून आम्हांस जो आनंद झाला तो येथे लपवीत नाही.

पाहुण्याच्या सुरक्षेचा विचार करताना या मुलांकडेच प्रथम पाहावे लागते. आत जाण्यापूर्वी दारावरच्या माणसाला विचारावे की मधेच बाहेर यावयाचे झाल्यास काय म्हणावे, आणि तसे म्हटल्यावर कोण येईल. त्याने चटकन उत्तर दिले तर आत जाण्यास हरकत नाही. तो गोंधळून मालकाकडे पाहू लागला तर आपण बाहेर उसाचा रस प्यावा. कारण दिवे लागून आवाज बंद पडतात तेव्हा तेथे उरतात ती प्लायवूडची फळकुटे, लोंबणाऱ्या तारा, आणि मुखवटा काढून हातात धरलेला एक पोरगा. कोणत्या पडद्यामागे दार आहे हे त्या गर्दीत त्याला एकट्यालाच ठाऊक असते.